मजुराचा करार आणि फौजदारी कायदा

गिरगावातील किंवा दादरमधील एखाद्या गृहस्थाने घरात लाकडी पडदी उभारण्यासाठी सुतार ठरवावा, त्याने सामान आणावयाचे म्हणून विसार मागून घ्यावा, आणि मग आठ दिवस, पंधरा दिवस तोंडही दाखवू नये, हा प्रसंग शहरवासी कुटुंबांस नवा नाही. गृहस्थाचा संताप होतो. शेजारी सल्ला देतात की, सरळ पोलिसांत द्यावे. परंतु चौकीवरील अंमलदार कायदा जाणणारा असेल, तर तो शांतपणे सांगतो की, ही बाब दिवाणी आहे. सुताराने पैसे घेतानाच बुडविण्याचा हेतू बाळगला होता असे दाखविता आले, तर गोष्ट निराळी. ती फसवणूक होय. पण केवळ 'कबूल केलेले काम केले नाही' एवढ्यावरून कोणास कोठडीत बसविता येत नाही. गृहस्थास हे उत्तर रुचत नाही. त्याच्या मनात जे येते ते एवढेच की, असला कायदा काय कामाचा!

योगायोग असा की, गृहस्थाच्या मनातील तो दुसरा कायदा मुंबई शहरात एके काळी प्रत्यक्ष होता, आणि तो सदुसष्ट वर्षे टिकला. त्याची हकीकत, आणि तो गेल्यावर त्याच्याच आशयाने गिरणगावात जे पुनःपुन्हा डोके वर काढले त्याची हकीकत, येथे सांगावयाची आहे.

तत्पूर्वी दिवाणी आणि फौजदारी ह्या दोन शब्दांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ह्या दोहोंतील भेद वरवर पाहता वकिलांच्या सोयीचा वाटतो. वस्तुतः सामान्य माणसाच्या आयुष्यात ह्याहून महत्त्वाची सीमारेषा क्वचितच असेल. दिवाणी दाव्यात प्रश्न असतो नुकसानीचा. एकाने दुसऱ्याचे जेवढे बुडविले तेवढे भरून द्यावे, म्हणजे हिशेब मिटला. हरणाऱ्याच्या खिशाला हात लागतो, देहाला नाही. फौजदारी खटल्यात मात्र सरकार स्वतः एक पक्ष होऊन उभे राहते. तेथे नुकसानभरपाईऐवजी शिक्षा असते, आणि आरोपीचा देहच गहाण पडतो. म्हणून एखादे कृत्य दिवाणी सदरातून उचलून फौजदारी सदरात टाकणे ही साधी कारकुनी नव्हे. तेवढ्याने एका माणसाच्या हाती दुसऱ्याला तुरुंगात धाडण्याची किल्ली येते.

करारभंग हा ह्या विभागणीत दिवाणी बाजूस पडतो. १८७२ च्या कराराच्या कायद्याने मोडलेल्या करारावर उपाय सांगितला तो नुकसानभरपाईचा. १८७७ च्या विशिष्ट प्रतिकाराच्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. माणसाच्या वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट सक्तीने पुरा करवून घेणार नाही, असे त्यात ठरले. घर विकण्याचे कबूल करून कोणी नाकारले, तर कोर्ट खरेदीखत करवून देईल. परंतु गाण्याचे कबूल करून गवई आला नाही, तर त्याला धरून आणून गावयास बसविणार नाही. ह्यामागील कारण उघड आहे. इच्छेविरुद्ध राबावे लागणे ह्याचे नाव गुलामगिरी, आणि गुलामीच्या हक्कांची कोर्टांनी बजावणी करू नये असे हिंदुस्थानात १८४३ सालीच ठरले होते.

परंतु हा उदार नियम सर्वांस सारखा लागू होता काय? नव्हता. गुलामगिरीविरुद्धच्या त्या कायद्यानंतर सोळाच वर्षांनी, १८५९ साली, तेरावा अॅक्ट जन्मास आला. कलकत्त्याच्या व्यापारी मंडळींनी त्यासाठी खटपट केली होती. लागू मात्र तो कलकत्ता, मद्रास व मुंबई ह्या तिन्ही इलाखा-शहरांस झाला. कारागीर, कामकरी व मजूर उचल घेऊन काम करीत नाहीत, त्यामुळे कारखानदारांचे व व्यापाऱ्यांचे नुकसान होते, आणि दिवाणी कोर्टात दावा लावण्याचा उपाय अगदी अपुरा पडतो, असे त्याच्या प्रस्तावनेतच मोकळेपणाने नमूद केले होते. उपाय अपुरा म्हणजे काय, हे समजण्यासारखे आहे. ज्याच्या घरी एक घागर आणि दोन घोंगड्या, त्याच्यावर हुकूमनामा मिळवून काय जप्त करावयाचे? तेव्हा ज्याच्याजवळ मालमत्ता नाही त्याचा देहच जप्त करावा, असा तो युक्तिवाद होता.

ह्या कायद्याची रीत पाहण्यासारखी आहे. मालकाने मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद करावयाची. करार झाला, उचल दिली, काम झाले नाही, एवढे दिसले की मॅजिस्ट्रेटने मजुरास दोहोंपैकी एक हुकूम करावयाचा: पैसे परत कर, अथवा काम पुरे कर. कोणता हुकूम व्हावा हे फिर्यादी मालकाने निवडावयाचे! हुकूम न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची कैद. उलट बाजूने मालकाने मजुरी बुडविली, तर त्याला तुरुंग दाखविणारी तरतूद त्या कायद्यात नव्हती. एकाच कराराचे दोन पक्षकार. परंतु एकाने तो मोडला तर गुन्हा, आणि दुसऱ्याने मोडला तर नुसते देणे.

त्यानंतर १ जानेवारी १८६२ रोजी इंडियन पीनल कोड अमलात आले. त्यातही सेवेच्या करारभंगासंबंधी तीन कलमे होती, ४९०, ४९१ व ४९२. पहिले प्रवासातील चाकरीचे, म्हणजे पालखीचे भोई अर्ध्या वाटेत पालखी टाकून पळाले तर काय, अशा स्वरूपाचे. तिसरे मालकाच्या खर्चाने दूरदेशी नेलेल्या मजुराने तेथे काम सोडले तर काय, ह्याविषयीचे. मधले कलम आजारी, वेडसर, अथवा लहान अशा असहाय माणसाची शुश्रूषा करण्याचे पत्करून ती ऐनवेळी टाकून देणाऱ्यासाठी होते. ह्या मधल्या कलमाकडे पुन्हा यावयाचे असल्याने त्याची आठवण ठेवावी.

इंग्लंडातही मालक व चाकर ह्यांच्या संबंधांत असाच एकांगी कायदा होता आणि त्याखाली काम सोडणारे मजूर तुरुंगात जात. तेथील पार्लमेंटाने तो १८७५ साली काढून टाकला. हिंदुस्थानातील १८५९ चा कायदा आणि पीनल कोडातील पहिले व तिसरे कलम १९२५ च्या एका अॅक्टाने रद्द झाले, आणि त्याचा अंमल १९२६ च्या एप्रिलपासून सुरू झाला. अर्धशतकाचे हे अंतर समुद्राच्या रुंदीने झाले असे म्हणता येणार नाही.

आता गिरणगावाकडे वळू. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर ह्यांनी कापड गिरणीची कंपनी काढली, आणि ताडदेव येथे ती गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. पुढे भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी, दादर असा चिमण्यांचा पट्टा उभा राहिला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर ह्या बाजूंची माणसे जॉबरच्या ओळखीने तेथे भरती होत. ह्या मजुरांच्या बाबतीत मालकाला १८५९ च्या कायद्याची फारशी गरजच नव्हती, कारण येथे उचल मालकाने दिलेली नसे. उलट मजुराचेच पैसे मालकाकडे अडकलेले असत. महिना भरल्यावर पगार लगेच हाती पडत नसे, पुढील महिन्याचे कित्येक दिवस उलटून गेल्यावर मिळे. तोपर्यंत वाण्याच्या वहीवर पोट चालवावयाचे. कोणी सूचना न देता काम सोडले, तर अडकलेला पगार बुडे. म्हणजे येथे मजूरच मालकाचा सावकार होता. फक्त व्याज तो स्वतः वाण्याला भरीत असे.

नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्यांत आठवड्याची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि एक मागणी अशी होती की, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. पंधरा तारखेच्या आत! वाचणाऱ्यास ती आज नम्रतेची पराकाष्ठा वाटेल. मोठ्या कारखान्यांनी पगार दहाव्या दिवसापूर्वी द्यावा, असा कायदा होण्यास १९३६ साल उजाडावे लागले. मधे बावन्न वर्षे गेली.

शिवाय गिरणीच्या फाटकाआत मालकाचे स्वतःचे एक फौजदारी कोर्ट चालत असे. उशीर झाला, दंड. सूत तुटले, दंड. खाडा झाला, दंड. विणलेल्या कापडात डाग अथवा दोष निघाला, तर ते कापडच विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापीत. फिर्यादी, न्यायाधीश आणि दंड वसूल करणारा कारकून हे तिघेही एकाच पेढीचे नोकर असत. १९३६ च्या पगार देण्यासंबंधीच्या कायद्याने ह्या दंडास प्रथमच लगाम घातला: पगाराच्या दर रुपयास अर्ध्या आण्याहून अधिक दंड घेता कामा नये, आणि आलेली रक्कम कामगारांच्याच हिताकडे खर्च व्हावी. मात्र त्याच कायद्यात मालकाने पगार बुडविल्यास त्याला शिक्षा कोणती होती? अधिकाऱ्याने प्रथम चौकशी करावी, खटल्यास मंजुरी द्यावी, आणि मग कोर्टाने फार तर पाचशे रुपये दंड करावा. कैदेचे नाव त्यात नव्हते. उलट दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, सूचना न देता व सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले, तर मालकाने त्यांचा आठ दिवसांपर्यंतचा पगार कापावा, अशी मोकळीक त्याच कायद्याने ठेवली होती. करारभंगाची दिवाणी भरपाई म्हणतात ती हीच. आणि ती घेण्यास कोर्टाची पायरीही चढावी लागत नव्हती.

येथपर्यंत प्रश्न एकट्यादुकट्या मजुराचा होता. एका माणसाने काम सोडणे गुन्हा नाही, हे १९२६ पर्यंत कबूल झाले. पण हजार माणसांनी ठरवून एकदम काम सोडले तर? संगनमत हा शब्द फौजदारी कायद्यात मोठा घातकी आहे. पीनल कोडात १९१३ साली कटाचे नवे कलम घालण्यात आले होते. मद्रासला बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या तंट्यात युनियनच्या पुढाऱ्यांविरुद्ध हायकोर्टाचा मनाई-हुकूम निघाला, तेव्हा कामगारांची संघटना करणे हेच एक जोखमीचे कृत्य आहे, हे सर्वांच्या ध्यानी आले. परळच्या सामाजिक कार्यात आयुष्य घालविणाऱ्या नारायण मल्हार जोशी ह्यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात त्यासंबंधी ठराव आणला, आणि १९२६ चा ट्रेड युनियन अॅक्ट पुढे झाला. त्याच्या सतराव्या कलमाने नोंदलेल्या युनियनच्या सभासदांस कटाच्या आरोपापासून ढाल दिली. परंतु ह्या ढालीस एक भोक होते, आणि पुढील सारी कथा त्या भोकाची आहे: ठरविलेली गोष्ट जर स्वतःच गुन्हा असेल, तर ढाल निरुपयोगी. अर्थात संप करण्याचे ठरविणे हा कट नव्हे, जोवर संप हा गुन्हा नाही तोवर. संपालाच गुन्हा ठरविले की सर्व तटबंदी आपोआप ढासळते.

त्या दिशेने पाऊल पडण्यास तीन वर्षेही लागली नाहीत. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप चालला. गिरणी कामगार युनियन त्याच वर्षी निघाली. पुढील वर्षी मार्चच्या वीस तारखेस डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर प्रभृती मुंबईचे कार्यकर्ते, तसेच आळवे व कासले हे प्रत्यक्ष गिरणीत राबलेले पुढारी पकडले गेले, आणि इतर प्रांतांतील मंडळींसह त्यांच्यावर बादशहाचे सार्वभौमत्व हिरावण्याच्या कटाचा आरोप ठेवण्यात आला. खटला कोठे चालावा? मुंबईत चालला असता तर हायकोर्टापुढे ज्यूरी बसविणे भाग होते. तो चालला शेकडो कोस दूर मीरत येथे, जेथे ज्यूरी नव्हती, केवळ असेसर होते, आणि त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नव्हते. सेशन कोर्टाचा निकाल जानेवारी १९३३ मध्ये लागला. ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने शिक्षा पुष्कळच कमी केल्या. पण तोवर चार वर्षांहून अधिक काळ गेलेला होता, आणि लालबाग-परळमधील युनियनचा कणा मोडलेला होता. शिक्षेचे बरेचसे काम खटलाच करतो.

त्याच १९२९ साली ट्रेड डिस्प्यूट्स अॅक्ट झाला. दिल्लीच्या असेंब्लीत भगतसिंग व बटुकेश्वर दत्त ह्यांनी ८ एप्रिल रोजी बाँब टाकला, तो हेच बिल मंजूर झाल्याच्या सुमारास, हे सर्वांस ठाऊक आहे. सार्वजनिक उपयोगाच्या धंद्यांत पूर्वसूचनेवाचून केलेला संप त्या कायद्याने शिक्षापात्र झाला. कापड गिरण्या मात्र त्यातून सुटल्या होत्या. त्यांची पाळी आली १९३८ साली, आणि ती आणली लोकांनी निवडून दिलेल्या मंत्रिमंडळाने.

बाळासाहेब खेर ह्यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ १९३७ च्या जुलैत अधिकारावर आले. मजुरांविषयी त्याला कळवळा नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने कापड कामगारांच्या स्थितीची चौकशी करविली आणि चौकशी समितीच्या शिफारशीने पगारवाढही झाली. पण १९३८ च्या सप्टेंबरात त्याने जे औद्योगिक तंट्यांचे बिल मांडले, त्यात असे होते की, तंटा उपस्थित झाल्यास प्रथम सूचना, मग वाटाघाट, मग सरकारी समेट-अधिकाऱ्यापुढे सुनावणी. आणि ही सर्व रांग संपण्यापूर्वी केलेला संप बेकायदा व शिक्षेस पात्र. सरकार पक्षाचे म्हणणे टाकाऊ नव्हते. संप चालला की पहिली उपासमार कामगाराच्याच घरी होते. सहा महिन्यांचा संप ज्यांनी पाहिला होता, त्यांना समेटाची वाट आधी चोखाळावी असे वाटल्यास नवल नाही. मालकाने ह्याच रीतीने टाळेबंदी केली तर त्यालाही शिक्षा ठेवली होती. मग तक्रार कशाची?

तक्रार मांडली ती डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनी. ते त्या वेळी स्वतंत्र मजूर पक्षाचे पुढारी म्हणून मुंबईच्या असेंब्लीत बसत. परळच्या पोयबावडीवरील इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत त्यांची अनेक वर्षे गेली होती. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधून ते तेथे राहावयास गेले होते. गिरणीचा भोंगा त्यांना पुस्तकातून ऐकावा लागत नव्हता. आणि संपाचे ते आंधळे भक्तही नव्हते. कम्युनिस्टांच्या पुढारीपणाखालील १९२९ च्या संपास त्यांनी विरोध केला होता. त्याचे एक कारण असे की, अधिक पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांस शिरकाव नव्हता; धोट्यातील कांडीचा दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा हाती धरण्यास सवर्ण विणकर तयार नसत. मालकाविरुद्ध समता मागणारे हात धोट्याला विटाळ मानीत होते, ही गोष्ट गिरणगावाच्या इतिहासातून पुसता येणार नाही.

अशा माणसाने बिलावर घेतलेला आक्षेप भावनेचा नव्हता, कायद्याचा होता. त्याचा गाभा असा: संप म्हणजे काय? सेवेच्या कराराचा भंग, एवढेच. करारभंग ही देशाच्या कायद्याने दिवाणी चूक मानली आहे, गुन्हा नव्हे. ज्या थोड्या ठिकाणी तो गुन्हा मानला होता, तेथूनही कायदेमंडळाने तो काढून टाकला. राहिले फक्त असहाय माणसाच्या शुश्रूषेचे कलम, आणि ते राहिले ह्याचे कारण तेथे नुसता सौदा मोडत नाही, एखाद्याच्या जिवावर बेतते. मग गिरणीतील मजुराचाच करारभंग तेवढा पुन्हा गुन्ह्यात का आणावयाचा? मनुष्याला नको असलेले काम करावयास तुरुंगाच्या धाकाने लावणे म्हणजे त्याला गुलाम करणे, आणि म्हणून संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काहून वेगळा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्वातंत्र्यासाठी स्वतः तुरुंगात जाऊन आलेल्या मंत्र्यांना हे ऐकावे लागले.

मालकालाही शिक्षा आहे, ह्या उत्तराविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण सुशिक्षित घरांत ते उत्तर अजूनही समाधानाने दिले जाते. दोघांना एकच कलम लावले म्हणजे समता झाली, हा भ्रम आहे. टाळेबंदीचा दंड कंपनीच्या जमाखर्चात एका ओळीत बसतो आणि तो भागीदारांत विभागला जातो. मजुराचा दंड त्याच्या कणगीतून जातो. दंड न भरल्यास कैद हा फौजदारी कायद्याचा सामान्य नियम. म्हणजे ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याचा गुन्हा दंडावर भागतो, आणि ज्याच्याजवळ नाहीत त्याचा तोच गुन्हा तुरुंगावर. शिवाय टाळेबंदी करावयाची नसेल तर मालकास दुसरे मार्ग आहेत: पाळी कमी करावी, बदली कामगारांस फाटकावरून परत लावावे, एखादे खाते दुरुस्तीसाठी म्हणून बंद ठेवावे. मजुराजवळ काम न करणे ह्याहून दुसरे साधन नाही.

१९३८ च्या नोव्हेंबरची ७ तारीख संपासाठी ठरली. आंबेडकर, आणि ज्यांच्याशी त्यांचे दहा वर्षे पटले नव्हते ते डांगे, मिरजकर प्रभृती कम्युनिस्ट, शिवाय जमनादास मेहता, असे सर्व त्या दिवसापुरते एकत्र आले. बिलाला 'काळा कायदा' हे नाव पडलेलेच होते. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांनी मोठ्या संख्येने एक दिवस काम बंद ठेवले. दिवस अगदी शांततेत गेला नाही. पोलिसांशी चकमकी झाल्या. कायदा अर्थातच मंजूर झाला. तथापि तोंडाला विटाळ मानणारे आणि ज्यांचा विटाळ मानला जाई ते, हे दोघे एका मिरवणुकीत चालले, ही घटना त्या दिवसाच्या यशापयशाच्या हिशेबात सहसा कोणी धरीत नाही.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९३८ च्या कायद्याची जागा १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने घेतली. त्यात एका धंद्यास एका स्थळी एकच प्रातिनिधिक युनियन मान्य होई, आणि मुंबईच्या कापड धंद्यात ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबरच हा कायदा रद्द व्हावा, ही त्यांची मागणी होती. संप बेकायदा ठरला. तो रीतसर मिटल्याचे कोणी जाहीर केले नाही. गिरण्या मात्र एकामागून एक मिटल्या.

त्या वर्षातील एक गोष्ट मात्र वगळून चालणार नाही. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईच्या पोलिसांनीच असंतोषाने उठाव केला. त्यांच्या संघटनेची मान्यता सरकारने काढून घेतली होती. वरळी व नायगाव येथील बीडीडी चाळींत पोलीस आणि गिरणी कामगार एकाच आवारात राहत. वरळीच्या त्या चाळी कायदेभंगाच्या चळवळीत तात्पुरता तुरुंग म्हणूनही वापरल्या गेल्या होत्या. शेवटी लष्कर बोलवावे लागले. फौजदारी कायद्याचा हात म्हणजे अखेर खाकी गणवेशातील एक पगारदार मनुष्य, आणि त्याचेही बिऱ्हाड त्याच दहा बाय बाराच्या खोलीत, हे त्या दिवशी शहराने पाहिले. त्यातील कित्येकांची नोकरी गेली.

कामगारांविषयीचे जुने केंद्रीय कायदे एकत्र करून चार संहिता संसदेने केल्या, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आल्या. त्यांतील दोन एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत संपासाठी चौदा दिवसांची सूचना लागते. समेटाचे काम चालू असताना व ते संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तरी तो संपच. बेकायदा संपात भाग घेणाऱ्या कामगारास एक हजार ते दहा हजार रुपये दंड, अथवा एक महिन्यापर्यंत कैद, अथवा दोन्ही. टाळेबंदी करणाऱ्या मालकास दंड पन्नास हजार ते एक लाख, आणि कैद तेवढीच. आता २०१९ ची वेतन संहिता पाहावी. कामगाराचे देणे असलेले वेतन मालकाने कमी दिले, तर पहिल्या खेपेस पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. कैद नाही. पाच वर्षांच्या आत तोच अपराध पुन्हा केला आणि दोषी ठरला, तर मात्र तीन महिन्यांपर्यंत. मजुराला पहिल्याच खेपेस जे भोगावे लागू शकते, त्यासाठी मालकाला दुसरी खेप यावी लागते.

हाच पैसा पगाराऐवजी चेकच्या रूपाने बुडाला असता तर? हुंड्यांच्या कायद्यात १९८८ साली दुरुस्ती होऊन न वटलेला चेक हा गुन्हा झाला, आणि त्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देणे तेच, सावकाराचे असेल तर त्यास फौजदारी कोर्टाचा दरवाजा पहिल्याच खेपेस उघडतो.

पीनल कोड १ जुलै २०२४ रोजी गेले आणि त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पालखीच्या भोयांचे आणि दूरदेशी नेलेल्या मजुराचे कलम तिच्यात अर्थातच नाही. असहाय माणसाच्या शुश्रूषेचे ते मधले कलम मात्र ३५७ ह्या क्रमांकाने तिच्यात शिल्लक आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दादर-गिरगावातील ज्या घरांत अंथरुणास खिळलेल्या वडिलांसाठी बाई ठेवलेली असते, त्या घरांचा ह्या कलमाशी संबंध येऊ शकतो. तिचा महिन्याचा पगार दहाव्या दिवसापर्यंत द्यावा, अशी सक्ती मात्र त्या घरावर १९३६ च्या कायद्याने कधीच केली नव्हती. तो कायदा कारखान्यांसाठी होता.